ती उंटावर बसली का?

"पाहिलं कोणी?" असं विचारताना मॅडम चष्मा कपाळावर चढवायच्या. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूस धूसर दिसायचा, मग नेमका प्रश्न विचारतानाच तो वर का जायचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण चष्मा वर गेला की समोरच्याची बोबडी वळायची. "उद्या पाणी येणार आहे" एवढं साधं वाक्य त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. लगेच सुरू: "कोण म्हणतं? पाहिलं कोणी? आणि म्हणणाऱ्याचा त्यात काय फायदा?"

तुम्ही सोलापुरात राहत असाल तर पाण्याबद्दल असे प्रश्न ऐकून तुमचं डोकं फिरेल, माझंही फिरायचं. मॅडमच्या मते पाण्याची चावी सोडणारा माणूस हे अस्सल साधन. त्याच्या बायकोनं सांगितलं तर ते दुय्यम. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला तर ती लोककथा. एकदा अस्सल साधन रजेवर गेलं आणि पानवाल्याची लोककथा खरी ठरली. गल्लीभर पिंपं भरली, मॅडमच्या घरात ठणठणाट. संध्याकाळी कळशी घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, "पद्धत बरोबर होती हो माझी. पाणी चुकलं."

माझा कडक भाकरीचा धंदा आहे, पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या गल्लीत, एका जुन्या मागाच्या शेडमध्ये. माग गेले, तिथं आता चुली आणि पराती आल्या. बायका ज्वारीचं पीठ मळतात, पातळ भाकरी थापतात, भाजतात आणि पापडासारखी कडक होईपर्यंत वाळवतात. शेडच्या वरच्या दोन खोल्यांत मॅडम भाड्यानं राहायच्या. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. आणि त्यांचा विषय काय, तर सोग्द देश!

सोग्द म्हणजे समरकंदच्या आसपासचा जुना मुलूख. त्या मुलखाबद्दल जगात कुणी काय लिहून ठेवलंय ते सगळं गोळा करायचं, पारखायचं आणि मराठीत आणायचं, हे मॅडमचं आयुष्यभराचं काम. पुस्तक कधी होणार असं विचारलं की, "एक साधन तपासायचं राहिलंय," हे उत्तर ठरलेलं. मी एकदा म्हटलं, "मॅडम, सोलापुरात बसून समरकंद?" तर म्हणाल्या, "त्यांच्याबद्दल सगळ्यांनी लांब बसूनच लिहिलंय. मी एकटी जवळ जाऊन काय करू?"

ते खरंच होतं म्हणे. सोग्दी लोक पक्के व्यापारी, चीनपासून हिंदुस्थानापर्यंत माल घेऊन हिंडले, पण स्वतःचा इतिहास लिहायला काही बसले नाहीत. जे आहे ते परक्यांचं. इराणच्या राजानं दगडावर कोरून ठेवलं, की माझ्या महालाला निळे खडे सोग्दातून आले. ग्रीकांनी लिहिलं, की सोग्दी लोक कड्यावरच्या किल्ल्यात बसून आम्हाला म्हणाले, पंखवाले सैनिक असतील तर या वर. अशी एकेक गंमत मॅडम दुपारी शेडमध्ये येऊन सांगायच्या. वर खोलीत उकडायचं, म्हणून त्या आमच्या चुलींजवळ येऊन बसायच्या! हे कारण मी तरी कधी खरं मानलं नाही. त्यांना ऐकणारं कुणीतरी हवं असायचं आणि आम्हाला त्या आवडायच्या.

चिनी लोकांनी काय लिहिलंय ते सांगितलं, त्या दिवशी तर शेड डोक्यावर घेतली बायकांनी. सोग्दात मूल जन्मलं की त्याच्या जिभेवर मध लावायचे आणि तळहातावर डिंक. का, तर बोलणं गोड व्हावं आणि हातात आलेला पैसा सुटू नये.

आमच्या मालनबाई मंद्रूपकडच्या, सगळ्यांत म्हाताऱ्या. त्या थापता थापता म्हणाल्या, "माज्या सासूच्या हाताला डिंक लावला व्हता बगा. मध लावायचं तेवडं इसरले."

सगळ्या पोट धरून हसल्या. मॅडमचा चष्मा मात्र वर. "पण लिहिलंय कोणी? चिन्यांनी. ते यांचे गिऱ्हाईक. गिऱ्हाईक दुकानदाराबद्दल काय बरं बोलणार?"

"आवो, सासूबद्दल मी सोता बोलतीया की! मी पायलंय!"

यावर मॅडमनी मान्य केलं, की मालनबाई हे अस्सल साधन आहे.

मॅडमचं लग्न का झालं नाही, तेही त्यांनी असंच हसत सांगितलं होतं. तरुणपणी एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलाकडचे चौकशीला आले आणि शेजारणीनं सांगितलं, मुलगी गुणी आहे, पण पहाटे उठून भिंतीशी परक्या भाषेत बोलते. मॅडम तेव्हा फारसीचे पाठ घोकत होत्या. स्थळ मोडलं. मला ऐकून वाईट वाटलं, त्या शेजारणीचा रागही आला. मॅडम म्हणाल्या, "तिच्यावर कशाला चिडता? तिनं स्वतः पाहिलं होतं. मी बोलतच होते भिंतीशी."

मग एके दिवशी पत्रांची गोष्ट निघाली. चीनच्या सरहद्दीवर, पहाऱ्याच्या एका पडक्या बुरुजात काही पत्रं सापडली होती, सतराशे वर्षांपूर्वीची आणि सोग्दी माणसांनी स्वतः लिहिलेली. हे सांगताना मॅडमचा आवाज असा चढला, जणू पोस्टमन आत्ताच येऊन गेला. त्यांतली दोन पत्रं एका बाईची. नवऱ्यानं तिला त्या परक्या गावात नेलं आणि सोडून गेला. ती त्याच्या नातेवाइकांकडे मदत मागते, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. शेवटी ती नवऱ्याला लिहिते, की तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची नाहीतर डुकराची झाले असते तर बरं झालं असतं.

शेडमध्ये टाळ्या पडल्या. तव्यावरची भाकरी करपली, कुणाला पत्ता नाही.

"दुसरं पत्र आईला," मॅडम म्हणाल्या. "तिला लिहिते, की देवळातला एक पुजारी म्हणतोय, तू घरी जात असशील तर मी उंट देतो, सोबत माणूस देतो. ही पत्रं पोचलीच नाहीत. टपालाची थैली वाटेतच राहिली."

"मग ती उंटावर बसली का?"

विचारलं पद्मानं. पद्मा आमच्यातली सगळ्यांत कमी बोलणारी. तेलुगू विणकरांच्या घरातली, हाताला विलक्षण चपळ. सोलापुरातले माग बंद पडले तसा तिचा नवरा भिवंडीला मागावर गेला होता. आधी दर रविवारी फोन यायचा, मग कधीमधी, आणि आता कित्येक महिने फोन बंद. भिवंडीहून येणाऱ्यांपैकी एक म्हणे तो आजारी आहे, दुसरा म्हणे सुरतेला गेला, तिसरा नुसताच हसला. सासरचे सांगत होते, थांब. आईही सांगत होती, थांब. पद्मा थांबली होती. तिची तब्येत उतरत चालली होती आणि आम्हाला ते रोज दिसत होतं.

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

"म्हाईत न्हाय म्हंजे?"

"साधन नाही, पद्मा. पुढं काय झालं ते कुणी लिहिलेलं नाही."

झालं! शेडमध्ये बंड झालं. कुणी म्हणे बसली असणार, कुणी म्हणे उंटाची भीती वाटली असेल, कुणी म्हणे त्या पुजाऱ्याचाच काय भरवसा. मालनबाई तर मॅडमच्या अंगावरच गेल्या. "बसली म्हना की वो! तुमचं काय जातंय? ती का उटून इचारनार हाय?" दोन दिवस हाच दंगा. लाच म्हणून शेंगाचटणी झाली, वांग्याची भाजी झाली. मॅडमनी दोन्ही खाल्ली आणि एक अक्षर बदललं नाही.

तिसऱ्या दुपारी पद्मानं हात धुतले, मॅडमसमोर येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, खरं सांगा. बसली आसंल ना ती?"

ती कुणाबद्दल विचारत होती ते शेडमध्ये सगळ्यांना कळत होतं. मी मागून खुणा करत होते, हो म्हणा, हो म्हणा. "मला माहीत नाही, बाळ," मॅडम म्हणाल्या आणि उठून वर गेल्या.

मला असा राग आला म्हणता! एवढंसं खोटं बोलायला काय झिजत होतं? त्या संध्याकाळी मी त्यांना चहासुद्धा पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम खाली आल्या त्या साडीवर कॅनव्हासचे बूट घालून. खांद्याला पिशवी, मुठीत दोन लिंबं. बार्शीला लग्न असलं तरी एसटीत मळमळतं म्हणून नुसतं आहेराचं पाकीट पाठवणाऱ्या या बाई! थेट पद्मापुढं उभ्या राहिल्या.

"तुझ्या नवऱ्याबद्दल तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. नीट पाहिलं कोणी? कुणीच नाही. ऊठ, आपण बघून येऊ. तिकिटं काढलीत मी."

पद्मा परातीसमोर तशीच बसून राहिली. मालनबाईंनी तिच्या हातातला पिठाचा गोळा काढून घेतला. "बगतीस काय? चप्पल घाल." आणि पद्मा उठली.

पुढचं मी मॅडमच्या तोंडून ऐकलं, म्हणजे साधन अस्सल आहे. भिवंडीत मॅडमनी मागवाले, खानावळवाले, चहावाले असे सगळे फैलावर घेतले. तू कधी पाहिलंस? तेव्हा उजेड होता का? त्यानं तुझे पैसे बुडवलेत का? एका चहावाल्यानं त्यांना पोलीस समजून चहाचे पैसेच घेतले नाहीत. शेवटी खोली सापडली. दाराबाहेर दोरीवर एक परकी साडी वाळत होती. पद्मानं ती पाहिली, मॅडमना म्हणाली, "तुमी हितंच थांबा," आणि आत गेली.

मॅडम खिडकीखाली उभ्या. खिडकी सताड उघडी, शब्द न् शब्द ऐकू येत होता. पण सगळं तेलुगूत! ज्या बाईला मेलेल्या भाषांच्या लिप्या वाचता येतात, ती आयुष्यभर तेलुगू गल्लीत राहिली आणि तेलुगूचं एक वाक्य शिकली नाही. स्वतःचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं म्हणे. आतून आधी पुरुषाचा आवाज येत होता, मग फक्त पद्माचा, मग कुणाचाच नाही. थोड्या वेळानं पद्मा ताठ मानेनं बाहेर आली. हातात लग्नात आईनं दिलेला पितळी डबा. "चला मॅडम," म्हणाली.

गाडीत मॅडमनी पेन काढलं. "काय म्हणालीस त्याला?"

"न्हाय सांगनार."

कल्याणपासून विनवण्या चालू. कुर्डुवाडीला वडे चारले, चहा पाजला, तरी नाही. "अहो, साधन माझ्या शेजारी बसलंय, शेंगा खातंय, आणि तोंड उघडत नाही!" हे सांगताना मॅडमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं हसून. पद्मा तोंडाला पदर लावून हसत होती. कित्येक महिन्यांनी हसत होती ती.

मॅडमनी हार मानली नाही. खिडकीतून ऐकलेले दोन शब्द त्यांनी घोकून लक्षात ठेवले होते. ते घेऊन त्या गल्लीत अर्थ विचारत फिरल्या. पहिल्या म्हातारीनं कानांवर हात ठेवले. दुसरीनं दार लावून घेतलं. तिसरी इतकी हसली, की तिच्या सुनेनं पाणी आणून दिलं. मग मॅडम पद्माच्या आईकडे तेलुगू शिकायला जायला लागल्या, म्हातारपणी, पाटी-पेन्सिल घेऊन! आईनं भाज्यांची नावं शिकवली, नाती शिकवली, ते दोन शब्द तेवढे शिकवले नाहीत.

पद्मानं सासर सोडलं, आईशेजारी खोली घेतली. आता ती माझ्या भाकऱ्या स्कूटरवरून हॉटेलांना पोचवते आणि उधारीवाल्यांना असा आवाज लावते, की मलाच त्यांची दया येते. मॅडम रोज दुपारी येऊन तिच्यापुढं बसायच्या. एकदा तर टोकाला गेल्या. "तू सांग, मी पुस्तकात लिहून टाकते ती उंटावर बसली म्हणून!"

"लिवा की," पद्मा म्हणाली.

मॅडमनी पेन उघडलं, बंद केलं आणि चिडून वर गेल्या. त्यांच्याच्यानं ते लिहवेना.

गेल्या थंडीत मॅडमना न्यूमोनिया झाला. सिव्हिलमध्ये नेलं, नाकातोंडावर मास्क आला, बोलणं बंद झालं. मॅडम गप्प पडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या, मला ते बघवेना. त्यांच्या कॉलेजची माणसं आली, पुस्तकाचं काय करायचं ते हळू आवाजात बोलून गेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता फार दिवस नाहीत. मी ते पद्माला फोनवर सांगितलं. तिनं सिव्हिलसमोर स्कूटर रस्त्यातच लावली आणि जिना चढून वर धावली.

मी वॉर्डच्या दारातच थांबले. पद्मा कॉटच्या कडेवर बसली, मॅडमच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि कानाशी हाताचा आडोसा करून बोलायला लागली. मला एक अक्षर ऐकू आलं नाही, आणि पुढं कितीही विचारलं तरी तिनं मला सांगितलेलं नाही. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मास्क आतून धुरकटला. यंत्र टिकटिकायला लागलं तशी सिस्टर धावत आली आणि पद्मावर ओरडली, काय करताय पेशंटला?

"काय न्हाय वो. हसतायत त्या," पद्मा म्हणाली. तिचे गाल ओले झाले होते.

मॅडमनी सिस्टरला हातानंच बाजूला सारलं आणि पद्माकडे बघून एक बोट वर केलं: पुन्हा एकदा सांग. पद्मानं नाक पुसलं आणि ती पुन्हा त्यांच्या कानाशी वाकली.