डार्क रिअॅक्शन आणि शेखचाचा

भुताचे किस्से म्हटलं की लोकांना वड आणि स्मशान आठवतं. आमच्याकडे ते लॅबमध्ये साचत गेले! नव्वदच्या दशकात मी अहेरीच्या ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवायचो. सांगाडासुद्धा नव्हता हो, नुसत्या कुंड्या! लॅब सांभाळायला शेखचाचा. त्यांची बायको वारली, अन् तिचा एकुलता एक फोटो वाळवीनं खाल्ला, तेव्हापासून माणूस खचला होता.

*

पाण्यात हायड्रिला ही पाणवनस्पती ठेवली होती. उन्हात प्रकाशसंश्लेषणाचा पहिला टप्पा सुरू: हरितद्रव्य ऊन धरतं, पाणी फोडतं, ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. पोरं वाकून पाहू लागली की थोड्या वेळात बुडबुडे बंद! सावली पडायची, दुसरं काय. पण त्यातला सुरेश घाबरून म्हणाला, "सर, हे आपल्याले पाहून दम धरून राह्यलं!"

त्या दिवशी कोणी पुढे वाकलंच नाही.

*

पानांचा हिरवागार अर्क कडक उन्हात बाजूनं दाखवला, तर रक्तासारखा लाल! पकडलेलं ऊन वापरायला पेशी उरली नाही, म्हणून हरितद्रव्य ते लाल उजेड करून टाकतं. एवढं समजावलं, तर एक पोरगी हळूच म्हणाली, "म्हंजे झाडाले लागलं."

*

बरणीत कुंडी, शेजारी चुन्याची निवळी, वर काळं कापड. सकाळी निवळी दुधाळ, म्हणजे आत श्वासातला कार्बन डायऑक्साइड सुटला!

"सर, आत कोन श्वास घेऊन राह्यलं?" चाचा.

"झाडच."

"मंग दिवसा काऊन लपवते?"

*

चाचांकडे बायकोची निगेटिव्ह तेवढी उरली होती, तीही ओरखड्यांची. बल्लारपूरच्या स्टुडिओवाल्यानं हात वर केले. "चेहरा विसरून राह्यलो सर तिचा," चाचा म्हणाले. मी म्हटलं, जास्वंदीच्या पानावर काढू!

कुंडी दोन दिवस कपाटात ठेवायची, पानातलं जुनं स्टार्च संपतं. मग निगेटिव्ह लावून दिवसभर उन्हात. ऊन शिरेल तिथंच नवं स्टार्च बनतं, अन् आयोडीननं तेवढंच काळंनिळं होतं. साखर बनते दुसऱ्या टप्प्यात, त्याला डार्क रिअॅक्शन म्हणतात, हेही सांगितलं. पण ऊन नसेल तर तीही ठप्प, हे सांगायचं राहिलं.

हे सगळं चाचांवर सोपवून मी तीन दिवस गावाला गेलो. आल्यावर पान उकळलं, स्पिरिटमध्ये पांढरं केलं, आयोडीन टाकलं. हळूहळू डोक्यावरचा पदर उमटला, नाकातली फुली, मग डोळे. एक ओरखडा नाही! चाचा ढसाढसा रडले.

"ऊन चांगलं लागलं, चाचा!"

"ऊन कुठचं, सर? निगेटिव्ह लावली अन् कुंडी परत कपाटातच ठेवली ना! डार्क रिअॅक्शन तुम्हीच त म्हणलं. कुलूप लावून होतं, किल्ली माझ्या खिशात!"