वादळानंतरचं पाणी

बंदरावर वाळत घातलेली जाळी दिसली की मला हरीकाका आठवतात. वादळ समुद्र ढवळून खालचं गार पाणी वर आणतं. ते किती, हे सांगणारं आम्हा हवामान-अभ्यासकांचं संगणकातलं गणित तपासायचं होतं. पण समुद्रातलं आमचं तापमापक वादळानेच नेलं.

‘जाळं ओढताना पाणी भलतंच गार लागतंय, ताई. चला, दाखवतो,’ मासेमारी करणारे हरीकाका म्हणाले आणि मला होडीतून घेऊन गेले. मी सोबत नेलेल्या थर्मामीटरनेही तेच सांगितलं. गणिताने पाणी इतकं गार दाखवलं नव्हतं. चूक आमच्या गणितात होती; ती सुधारली.

गार पाण्यावर वादळाचा जोर ओसरतो, म्हणून पुढच्या वादळाचा जोर आधीच नीट कळला. सगळ्या होड्या वेळेवर किनाऱ्यावर आल्या. मी आभार मानायला गेले, तर काका म्हणाले, ‘मी काय केलं? पाणी तर समुद्राचं.’

मी वाकून नमस्कार केला.