सुनंदाच्या पावलांसाठी ठेका शोधताना: पिंपळी ते निरवांगी

ही सहल नव्वदच्या दशकातली आहे, त्यामुळे फोटो मागू नका. आमच्याकडे कॅमेरा नव्हता, टेपरेकॉर्डर होता. माझी मैत्रीण सुनंदा संशोधनासाठी तीन वर्षं स्पेनमध्ये राहिली आणि येताना तिथला टाचा आपटत करायचा नाच, फ्लमेंको, शिकून आली. बारामतीजवळच्या पिंपळीत, तिच्या गावच्या शाळेनं तिला स्नेहसंमेलनात नाचायला बोलावलं. संगीत मी निवडणार, असं मीच जाहीर केलं. कॅसेटी माझ्याकडे पिशवीभर होत्या आणि आत्मविश्वास त्याहून जास्त.

स्वारगेटहून सकाळची एसटी धरा. सासवड, जेजुरी, मोरगाव करत तीनेक तासांत बारामती येते, तेव्हा तिकीट तीस-पस्तीस रुपयांत बसायचं. डावीकडची खिडकी घेऊ नका, परतीच्या उन्हात भाजून निघाल, असं मला एका आजीनं सांगितलं होतं. मी घाबरून जातानाही डावीकडे बसले नाही. असो.

पिंपळीत सुनंदाचे वडील, तात्या, अंगणात लसूण सोलत बसले होते. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. मी टेप लावला. निवडली होती बुलेरिया, फ्लमेंकोतली सगळ्यात चपळ चाल, कारण मला ती आवडते. सुनंदा नाचू लागली आणि पाचच मिनिटांत घामाघूम झाली. तिचं नाचणं जड, सावकाश. टाच उचलून क्षणभर थांबते आणि मग टाकते. गाणं पुढे पळत होतं, ती मागून धापा टाकत होती.

"तिकडं गिटारवाला माझ्या पायाकडं बघून वाजवतो," ती म्हणाली. "तुझा टेप कुणाकडंच बघत नाही."

जेवताना, पिठलं-भाकरीचा तिसरा घास तोंडात असताना, मी उपाय सुचवला. "इथं हलगी मिळेल की. हलगीवर मस्त बसेल."

तात्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"पोरी, धम्माची दीक्षा घेतली तवा आमच्या बापानं हलगी खाली ठिवली. गावानं हाक मारायची आन् आमी वाजवत जायचं, नाचायचं, ते तितंच संपलं. ती ह्या घरात परत न्हाय यायची."

शहरात वाढलेल्या माझ्यासारखीला हलगी म्हणजे नुसतं वाद्य. माझी मला लाज वाटली आणि मी माफी मागितली. तात्या रागावले नव्हते, पण उठताना सुनंदाला म्हणाले, "उद्या कार्यक्रमाला मी यीन. पर लोकांपुढं तुला नाचताना बघत बसंन का, ते मला सांगता यायचं न्हाय." सुनंदाचा चेहरा पडला. सारा गाव टाळ्या वाजवेल आणि तात्या उठून जातील, हीच तिची भीती होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे, ठेका देणारं माणूस शोधायला, आम्ही वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी, जीपमध्ये बसलो. नऊ जणांच्या जीपमध्ये सोळा जण, दोन्ही बाजूंना ऊस. जंक्शन नावाच्या गावी उतरून दुसरी जीप, मग निरवांगी. तिथं सुनंदाचा मामेभाऊ प्रकाश राहतो. बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला आणि जयंतीच्या गायनपार्टीत ढोलकीला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती, हे आमचं नशीब. चहा नको म्हणू नका. गुळाचा असतो आणि फार चांगला असतो.

"आधी ते बंद करा," प्रकाश टेपकडे बोट दाखवून म्हणाला. "ताई, तू नुसती नाच."

तो बराच वेळ तिच्या टाचांकडे बघत राहिला. "तुझा पाय उशिरा पडतोय. मुद्दाम पाडतीस ना?"

"व्हय."

"मग ठेक्यानं थांबाय पायजे. तू कशापायी पळतीस?"

सुनंदानं त्याला सोलेआ, फ्लमेंकोतली संथ चाल, समजावली: बारा मात्रा, जोर तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर. त्यानं तेवढ्याच जागी ढोलकीचा घुमारा दिला, बाकी जागा रिकाम्या सोडल्या. त्या रिकाम्या जागेत तिची टाच पडली आणि मी माझी पिशवी गुपचूप बंद केली.

प्रकाशला घेऊन परतलो आणि दुपारी पिंपळीत अंगणात तालीम झाली. तात्या लसूणच सोलत होते, मान वर केली नाही.

पाच वाजता शाळेच्या पटांगणात सुनंदा उभी राहिली. तात्या फाटकापाशी उभेच. सुरुवात झकास झाली, पण लोकांना ठेका आवडला आणि त्यांनी आपल्या सवयीच्या चार मात्रांत टाळ्या धरल्या. प्रकाशच्या बारा आणि गावाच्या चार यांत सुनंदाचं पाऊल अडखळलं. तिनं फाटकाकडे पाहिलं. तात्या तिथं नव्हते.

ते गर्दीतून पुढे आले होते. प्रकाशच्या शेजारी मांडी घालून बसले आणि हात वर करून म्हणाले, "थांबा जरा. तिची टाळी येगळी हाय." मग स्वतः टाळी दिली. तीन, सहा, आठ, दहा, बारा. एकही चुकली नाही. दुपारभर लसणापाशी बसून त्यांनी अख्खा ठेका पाठ केला होता. लोकांच्या टाळ्या थांबल्या आणि सुनंदा अशी नाचली, की मी रडले.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा, वडापला सुट्टे पैसे ठेवा, आणि कुणासाठी संगीत निवडायचं असेल तर आधी त्याचे पाय बघा. पुण्यात परतल्यावर एवढं शहाणपण मला आलं. आठवड्यानं सुनंदाच्या आईचा फोन आला. तात्या रोज पारावर जातात, भेटेल त्याला थांबवतात आणि सांगतात, "माझी पोरगी नाचली."