अल्विनचा अंगठा

टेक्सासातल्या वेलेन गावात लग्न असो, मयत असो की चर्चची जत्रा, मांस भाजायचं ते अल्विन यानाकच्या भट्टीवर. गॅसची एक जुनी लांबट टाकी आडवी कापून त्याने तिला झाकण बसवलं होतं. एका टोकाला जाळ, दुसऱ्या टोकाला धुराडं. ओकची नीट वाळवलेली लाकडं, मांसाला मीठ आणि मिरी, बाकी काही नाही. गाईच्या छातीचा चिवट भाग रात्रभर धुरावर राहायचा. सकाळी अल्विन झाकण उचलायचा, जमलेल्या सगळ्यांवर एक नजर टाकायचा आणि मांसावर अंगठा दाबायचा. पडदा वर जायच्या क्षणी नाटकगृहात जशी शांतता पसरते, तशी तिथे पसरायची. अंगठा आत रुतला की अल्विन मान हलवायचा आणि लोक ताटल्या घेऊन पुढे सरकायचे.

माणूस अबोल आणि भला होता. कुणाच्या घरी दुःख झालं तर न बोलावता लाकडं घेऊन हजर व्हायचा. पण भट्टीपाशी त्याला कुणी काही सांगितलेलं खपत नसे. बायकोने तर मुळीच नाही.

हेडविग त्याची बायको. तरुणपणी ती ह्यूस्टनच्या एका मोठ्या हॉटेलात कामाला होती. तिथे नाताळात बरगडीच्या मांसाचा भला थोरला तुकडा चाकांच्या गाडीवरून टेबलाटेबलापाशी फिरवत. वरून हिरवट लोणी ओघळत असायचं आणि सुरी फिरली की आत गुलाबी रंग दिसायचा. गाडी ढकलायचं काम हेडविगचं. नोकरांना त्यातलं काही मिळत नसे. लग्न होऊन ती वेलेनला आली आणि दर नाताळला अल्विनच्या हातचं छातीचं मांस खात राहिली. ते उत्तमच असायचं. म्हणून तर तिला बोलता येत नव्हतं.

त्या वर्षी ती बोलली. कसायाकडून बरगडीचा तुकडा स्वतः घेऊन आली आणि टेबलावर ठेवला.

"नाताळला हे करायचं. धुरावर. पण मी सांगेन तसं."

"आणि जेवायला येणारा तुझा भाऊ काय खाणार?" अल्विनने विचारलं.

"लाडिसला तोंड आहे, तो खाईल. मी दोन वर्षं ती गाडी ढकलली अल्विन, एक घास तोंडात गेला नाही. मरायच्या आधी मधला एक तुकडा मला खायचाय. गुलाबी. माझ्या घरात, बसून."

अल्विनने तुकडा उचलून फ्रिजमध्ये ठेवला. नाताळच्या सकाळी त्याने जाळ पेटवला. उत्तरेचा वारा सुटला होता, धूर अंगणभर लोळत होता. हेडविग वाडगं घेऊन आली. लोण्यात रोझमेरी आणि थाइमचा वाटलेला हिरवा पाला आणि ठेचलेला लसूण.

"माझ्या भट्टीत लोणी गेलेलं नाही कधी," अल्विन म्हणाला.

"मग आज जाईल. हो बाजूला."

तिने अर्धं लोणी मांसाला चोपडलं, अर्धं नंतर वरून ओतायला ठेवून दिलं. सोबत तापमान दाखवणारा काटाही आणला होता. अल्विनने त्याच्याकडे असं पाहिलं, जसा जुना नट प्रॉम्प्टरकडे पाहतो.

दुपार व्हायच्या आत तिने काटा मांसात खुपसला आणि म्हणाली, "काढ."

"आत्ता? अगं, कच्चं आहे."

"काढ म्हणते ना! आतली ऊब त्याला शिजवत पुढे नेते. झाकून ठेव आणि हात लावू नकोस."

त्याने काढलं. ती टेबल मांडायला आत गेली आणि अल्विन त्या झाकलेल्या मांसापाशी एकटा उरला. त्याने कापड उचललं, अंगठा दाबला. अंगठा जेमतेम टेकला आणि मांसाने त्याला परत ढकललं. जन्मभर या अंगठ्याने त्याला फसवलं नव्हतं आणि आता अंगठा सांगत होता, कच्चं, साफ कच्चं. तासाभरात लाडिस सहकुटुंब टेबलाशी बसेल. आठवड्याभरात गावभर होईल, यानाकने नाताळला कच्चं मांस वाढलं. हेडविगचं नाव कुणी घेणार नाही.

त्याने मांस उचलून परत भट्टीत ठेवलं आणि झाकण लावलं.

तेवढ्यात घरामागून लाडिस आला. हातात बिअरची बाटली, पोटावर ताणलेला लाल स्वेटर. त्याने वाकून झाकणाच्या फटीतून पाहिलं.

"काय रे, ताईचं हॉटेल उघडलं म्हणे आज?"

"हं."

"बरं केलंस परत ठेवलंस ते. मी खिडकीतून बघत होतो. चांगलं तपकिरी होऊ दे. तिला काय कळतंय भाजण्यातलं? तिचं ऐकलंस तर आपल्याला गाय हंबरताना खावी लागेल! आणि तो जाळ जरा वाढव, मंद पडलाय."

अल्विनने त्याच्याकडे पाहिलं. लाडिस जे बोलला, तेच क्षणापूर्वी त्याच्या स्वतःच्या मनात होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून, तेही हातात बाटली धरून, ते ऐकवेना. या माणसाला धड शेगडी पेटवता येत नव्हती आणि तो यानाकला जाळ वाढवायला सांगत होता.

अल्विनने झाकण उघडलं, मांस बाहेर काढलं आणि कापड झाकलं.

"अरे, हे काय?"

"झालंय ते."

"अंगठा तरी लावून बघ!"

"यात अंगठा चालत नाही," अल्विन म्हणाला आणि ताट उचलून घरात गेला.

टेबलाशी प्रार्थना झाली. हेडविगने पातळ केलेलं लोणी वरून ओतलं. अल्विनने सुरी चालवली. पहिला काप टोकाचा, चांगला तपकिरी. तो त्याने न विचारता लाडिसच्या ताटात टाकला. पुढे सुरी मध्यावर आली. आत गुलाबी रंग उघडला आणि लाडिस पुढे वाकून बघू लागला. तो काप हेडविगचा.

तिने घास घेतला. सावकाश चावला. अल्विन सुरी हातात धरून उभाच होता. जन्मभर लोक त्याच्या अंगठ्याकडे बघत आले होते, आज तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"किंचित पुढे गेलंय," ती म्हणाली. "परत ठेवलं होतंस ना?"

"थोडा वेळ."

"मग काढलंस कसं?"

अल्विनने लाडिसकडे पाहिलं. लाडिस खाली मान घालून खात होता, ताट जवळजवळ साफ झालं होतं.

"तुझ्या भावाला विचार," अल्विन म्हणाला.

हेडविगने दुसरा घास घेतला, खुर्चीला पाठ टेकवली आणि हसली. "पुढच्या नाताळला नाही ठेवायचं परत," ती म्हणाली. "आता बस आणि खा. मी वाढते."