सिलतऱ्याच्या टेम्पोतला पांढरा ड्रेस

राज्य नवीन झालं तेव्हा रायपूरच्या रस्त्यांवर आधी लाल दिव्याच्या गाड्या आल्या. नाल्या उघड्याच राहिल्या. स्टेशनसमोर टेम्पो भरत तिथे मूत, डिझेल आणि सडक्या केळ्यांचा वास एकत्र येई. त्यातच उभे राहून लोक पोहे खात.

सिलतऱ्याला, काळा धूर ओकणाऱ्या कारखान्यांकडे, जाणाऱ्या टेम्पोत थुंकण्याची एक रीत होती. गुटख्याने तोंड भरलं की माणूस बोलू शकत नाही. तो हनुवटी वर करी. कडेचे लोक मागे रेलत आणि तो त्यांच्या मांड्यांवरून वाकून पिचकारी टाकी. ड्रायव्हर हनुवटी वर करत नसे. त्याची मान उजवीकडे कलली की त्याच्या मागच्याने आत सरकायचं. रोजचे लोक ती जागा टाळत.

त्या सकाळी ती रिकामी होती. एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आपल्या मुलीला घेऊन आले आणि तिला तिथेच बसवलं.

"दीदी को हवा अच्छी मिलेगी," मागून कोणी म्हणालं. दोघंतिघं हसले.

माझ्या हातात नागपूरचा पेपर पाहून वडील मराठीत बोलू लागले. मुलीला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिंगच्या कामासाठी बोलावलं होतं. महिनाअखेर रेल्वेचं क्वार्टर सोडायचं होतं. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. मुलीचा ड्रेस पांढराशुभ्र होता, इस्त्रीचा.

"सिलतऱ्याला पांढरा?" मी विचारलं.

"आमच्यात चांगल्या कामाले पांढरंच घालतेत साहेब. विहारात जाऊन आलो ना आता."

भनपुरीच्या अलीकडे मंत्र्याच्या ताफ्यासाठी रस्ता अडवला. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला पोलीस उभा होता, त्यामुळे त्याला थुंकता येईना. गाल फुगले. ताफा गेला, त्याने टेम्पो पळवला आणि मान कलती केली. मुलगी रस्त्याकडे बघत होती. वाऱ्याने सगळं मागे आणलं. उजवा खांदा, बाही, थोडं मानेवर.

वडिलांनी बाटलीतलं पाणी ओतलं. लाल डाग गुलाबी होऊन कोपरापर्यंत उतरला.

"निंबू रगड़ो, अंकल."

"निंबू से नहीं जाता, कच्चा दूध लगाओ."

"हवा उल्टी थी दीदी, मैं क्या करूँ?" ड्रायव्हर म्हणाला आणि दातांनी नवी पुडी फाडली.

डागापेक्षा त्या सल्ल्यांची मला जास्त किळस आली. सांगणाऱ्यांची तोंडं तशीच लाल होती.

"वापस चलो पापा. मैं ऐसे नहीं जाऊँगी."

"परत काहून? पुन्हा कोण बोलावून राहिलं आपल्याले?"

ती रडली नाही. तिने उजवा हात अंगापासून लांब धरला होता, तो दुसऱ्या कोणाचा असावा तसा. समोर बसलेल्या मजूर बाईने बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. "ओढनी ला एती लान, नोनी," म्हणत तिने स्वतःच ओढणी उजव्या खांद्यावरून घेऊन टाचली. टेम्पोतलं ते एकच कामाचं बोलणं.

कारखान्याच्या फाटकातून मुलगी आत गेली. पेपरात धुराबद्दल लिहायचं म्हणून मी तिथल्याच ज्या अधिकाऱ्याला भेटायला आलो होतो, तो "साइट पर" होता. वडील आणि मी चहाच्या टपरीवर बसलो. चहावर काळी भुकटी तरंगत होती. टपरीवाल्याने ती बोटाने बाजूला केली आणि बोट पँटला पुसलं. वडिलांनी चहा घेतला नाही. ते फाटकाकडेच बघत होते.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. ओढणी तशीच टाचलेली होती.

"सोमवार से बुलाया है."

"कपड्याचं काही म्हणाले?"

"कुछ नहीं. साहब खुद मुँह में गुटखा दबाए बैठे थे. पर बस नहीं देते. रोज अपने से आना पड़ेगा."

वडिलांचा चेहरा उजळला आणि लगेच ते विचारात पडले. त्यांनी तिच्या बाहीकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या टेम्पोंकडे.

"मंग दोन ड्रेस घेऊन टाकू बाई," ते म्हणाले. "कत्थईच घेऊ, काताच्या रंगाचे."

"हव," ती म्हणाली.