पाय जोड, हात वर

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या एका इमारतीत प्रमोदिनीबद्दल दोन मतं आहेत. एक म्हणजे बाई फार गुणाची आहे, आणि दुसरं म्हणजे बाईचं डोकं फिरलंय. दुसरं मत तिच्या नवऱ्याचंही आहे. अजित मूळचा पुण्याचा, त्यामुळे त्याचं मत मागण्याआधीच मिळतं. "पन्नाशीला टेकलीस आणि विमानातून उडी मारणार? लोक या वयात गुडघ्यांना तेल लावतात," असं तो म्हणाला खरा, पण शनिवारी पहाटे म्हैसूरच्या रस्त्याला गाडी काढायला तोच आधी उठतो.

या वेडाचं मूळ घरातच, बाल्कनीतल्या खुर्चीत बसलेलं असतं. प्रमोदिनीचे वडील आप्पाजी सैन्यात पॅराशूटवाले होते. निपाणीजवळच्या त्यांच्या खेड्यात त्यांना सगळे छत्रीवाले आप्पा म्हणत, आणि नव्या माणसाला वाटे की यांचं छत्र्या दुरुस्तीचं दुकान असेल. आप्पा सुट्टीवर आले की गावातली पोरं गोठ्याच्या भिंतीशी गोळा होत. भिंतीवरून खाली गवताच्या ढिगावर उड्या मारायच्या, हा खेळ. पण खेळ कसला, कवायतच ती. "पाय जोड! गुडघं जोड! हनवटी छातीला! हात वर!" असा आप्पांचा आवाज चढे. हात वर अशासाठी, की जमिनीला टेकताना शिपायानं डोक्यावरचे छत्रीचे पट्टे घट्ट धरायचे, म्हणजे पडताना हात टेकवले जात नाहीत आणि मोडत नाहीत. मग एका अंगावर पडून गडगडायचं. बायका म्हणत, पोरीच्या जातीला हे कशाला? आप्पा म्हणत, जमीन काय पोरगं-पोरगी बघून लागती व्हय?

सुट्टी संपली की आप्पा ट्रंक घेऊन एसटीत बसत. त्या ट्रंकेला बुटाच्या पॉलिशचा वास यायचा. मग प्रमोदिनी वर्षभर एकटीच उड्या मारायची, कारण बाप घरात असल्यासारखं वाटायला तिच्याकडे तेवढंच होतं. मोठी झाली, डिप्लोमा करून इलेक्ट्रॉनिक सिटीत सर्किट बोर्ड तपासायला आली, तेव्हा तिथला उड्डाणपूलसुद्धा झाला नव्हता. पुढे लग्न झालं, फ्लॅट झाला, आई गेली आणि आप्पा बेंगळुरूला येऊन राहिले. हल्ली ते गोष्टी सांगताना मधेच थांबतात आणि पुढचं त्यांना आठवत नाही. एकदा ते असेच विमानाच्या दारापर्यंत आले आणि गप्प झाले. दाराच्या पलीकडे काय होतं ते आता आपणच जाऊन बघावं, असं प्रमोदिनीला त्या दिवशी वाटलं.

इंदिरानगरातल्या एका हॉलमध्ये नागराज सर पॅराशूटच्या उड्या शिकवतात. छताला लोंबणाऱ्या पट्ट्यांमध्ये त्यांनी तिला वाळत घातलेल्या साडीसारखं अडकवलं आणि कानडीत समजावलं. "अक्का, तुमच्या वडिलांची छत्री गोल होती. ती वारा नेईल तिकडे जायची. ही चौकोनी आहे. ही पंखासारखी उडते, आणि चालवायची तुम्हीच." दोन हातांत छत्रीच्या दोऱ्यांना बांधलेल्या दोन दांड्या. उजवी ओढली की उजवीकडे वळते, डावी ओढली की डावीकडे. जमिनीजवळ आल्यावर एकदम वळायचं नाही, कारण वळताना छत्री झपकन खाली जाते. आधी वाऱ्याबरोबर, मग वाऱ्याला आडवं, आणि शेवटी वाऱ्याला तोंड करून उतरायचं. आणि पाय टेकायच्या थोडं आधी दोन्ही दांड्या एकदम कमरेपर्यंत खाली ओढायच्या, म्हणजे छत्री ब्रेक लावल्यासारखी मंदावते. "बाकी सगळं चुकलं तर निभावेल. हे चुकलं तर हाडं मोजायची," नागराज म्हणाले.

पहिली उडी म्हैसूरच्या पुढे, एका खाजगी धावपट्टीवर झाली. बाहेर पडताच विमानाला बांधलेल्या दोरीनं छत्री आपोआप उघडली. हेल्मेटमधल्या रेडिओवर नागराज सांगत होते तशी ती शहाण्या मुलीसारखी वळत गेली. खाली नारळाची झाडं होती, तळं होतं, आणि इतकी शांतता होती की तिला आप्पांची फार आठवण आली. मग जमीन अंगावर आली. "ओढा! दोन्ही हात खाली!" रेडिओ ओरडला, आणि प्रमोदिनीचे हात वर गेले. दांड्या सोडून तिनं डोक्यावरचे पट्टे गच्च धरले, पाय जुळवले, हनुवटी छातीला लावली आणि धाडकन आदळून गडगडत गेली.

धावत आलेल्या नागराजना वाटलं, आता अँब्युलन्स बोलवावी लागणार. पण बाई कपडे झटकत उभी राहिली. "अक्का, पडलात झकास," ते म्हणाले. "असं पडायला माझ्या पोरांना महिनाभर शिकवूनही जमत नाही. पण हात वर का गेले? सरी, ठीक आहे, आणखी एकदा सोडतो. पुन्हा हेच झालं तर एकटीला वर सोडणार नाही. हाडं तुमची, पण जबाबदारी माझी."

हात का गेले हे तिला परतीच्या वाटेवर रामनगरजवळ उमगलं, आणि ती गाडीत एकटीच हसायला लागली. अजितनं विचारलं तर सांगता येईना. ज्या शिकवणीनं हाडं वाचवली, तिनंच ती मोडायची वेळ आणली होती.

घरी आप्पांना तिनं अर्धंच सांगितलं, की पडले आणि गडगडले. म्हातारा हरखून गेला. खाली वॉचमनला हिंदीत सांगून आला की आपली पोरगी अगदी नियमानं पडली. आता या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं, की आप्पा, तुमचं शिकवलेलं मोडायला निघालेय? ती स्वयंपाकघरात गॅसपाशी उभी राहून दोन्ही हात कमरेपर्यंत ओढायचा सराव करी, आणि बाल्कनीतून आवाज येई, "पमे, हात वर! हात वर घे!" ती निमूट हात वर घेई आणि आप्पा डुलकी लागून पेंगले की पुन्हा खाली ओढायला लागे. चोरून सिगारेट ओढणाऱ्यासारखी तिची गत झाली होती.

पुढच्या खेपेला ती पुन्हा विमानातून वर गेली. भीती पडायची नव्हती, पडणं तिला येत होतं. आज चुकलं तर हे दार कायमचं बंद, याची भीती होती. छत्री उघडली. नागराज या वेळी मुद्दामच कमी बोलत होते. तिनं वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी पाहिली, तळ्याच्या अलीकडे वळली, मग आडवी आली, मग वाऱ्याला तोंड केलं. समोर उतरण्यासाठी चुन्यानं आखलेलं वर्तुळ होतं. त्याच्या अलीकडे हिरवळीचा एक तुकडा तिला बरा वाटला, म्हणून तिनं तोच धरला. जमीन पळायला लागली तशी खांद्यांत ती जुनी ओढ आली. हात वर जायला निघाले. कानात रेडिओ होता, पण त्याहून मोठा आवाज गोठ्यापाशी ऐकलेला होता.

"आप्पा, थांबा जरा," ती मोठ्यानं म्हणाली, आणि दोन्ही हात खाली ओढले.

छत्री क्षणभर अडखळली, आणि जिन्याची शेवटची पायरी उतरावी तशी प्रमोदिनी जमिनीवर उतरली. चार पावलं धावली आणि उभी राहिली. मागे छत्री हळूच पसरली. नागराजांनी लांबून अंगठा दाखवला. तिला आनंद झाला, फार झाला, पण लहानपणापासून धरलेला एक हात आपण झटकला असंही वाटलं, आणि तो आनंद घरी पोचेपर्यंत निम्मा झाला.

अजितनं काढलेला व्हिडिओ आप्पांना दाखवायचा की नाही, यावर गाडीत वाद झाला होता. शेवटी तिनंच फोन त्यांच्या हातात दिला. आप्पांनी चष्मा लावला, फोन नाकाजवळ धरला.

"पडली न्हाईस?" ते म्हणाले.

"नाही आप्पा. उभीच उतरले. हात खाली घेतले मी. ही छत्री वेगळी आहे, हिला तसंच करावं लागतं." ती भरभर बोलत होती.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. "ही वळली ती वाऱ्यानं का?"

"नाही, मी वळवली."

"आणि हितं गवतात उतरायचं कुणी सांगिटलं?"

"कुणी नाही. मला बरं वाटलं, म्हणून तिथं उतरले."

आप्पा त्या गवताच्या तुकड्याकडे बघत राहिले. त्यांना वाईट वाटलं असणार, असं समजून ती त्यांच्या पायाशी बसली. त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"एवढ्या उड्या मारल्या गं पमे," ते म्हणाले, "पन मला कुटं उतरायचं हाय, हे मला येकदाबी कुणी इचारलं न्हाई."

प्रमोदिनीला रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही. अजित फोन घ्यायला आला, पण आप्पांनी दिला नाही. त्यांना तो व्हिडिओ अजून एकदा बघायचा होता.