वर्णाचा रकाना

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहराबाहेर राऊ गावातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं जागेवर लावत होते. हातातलं पुस्तक नीट लावलं आणि मगच खाली बसले. त्याला आता दीड महिना होईल...

कुमुदआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. छत्रीबागेतल्या दोन खोल्यांत राहून मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. तिच्याकडे एक पितळी मोजपट्टी होती, चिमट्यासारखी. संस्थानाच्या काळात तिचे आजोबा एका इंग्रज साहेबाचे कारकून होते. तो साहेब इथल्या लोकांची नाकं मोजून कोण उच्च, कोण नीच ते ठरवायचा. साहेब गेला, चिमटा आमच्या घरी राहिला. दरवर्षी पहिल्या तासाला आत्या मुलींना त्याने एकमेकींची नाकं मोजायला लावी, आकडे बिननावाचे फळ्यावर लिही आणि विचारी, "आता सांगा, यातली ब्राह्मण कोण, भिल्ल कोण?" एकदा परदेशीपुऱ्यातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ये तो सब मिक्स है!" आत्या खूश. "वही तो, बेटा! साहेबाने उत्तर आधी लिहिलं होतं, मोजलं नंतर."

मी चांगली काळी. शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, "हिला बेसन लावत जा." आत्या तिथल्या तिथे म्हणे, "काकू, बेसन पिठल्यात घाला हो, पोरीच्या तोंडाला कशाला?" तिच्या जिवावर मी मान वर करून वाढले.

म्हणूनच ते लागलं. माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा बायोडेटा लिहिण्याचं काम आत्याकडे आलं; अक्षर तिचंच सुरेख. त्यात तिने लिहिलं होतं... वर्ण : निमगोरा.

"आत्या, ही कोण?"

तिने चष्मा काढला. "अगं, लोक फोटो बघायच्या आधीच नको म्हणतात..."

"आणि वर्गात काय सांगतेस?"

ती चष्म्याच्या काचा पदराने पुसत राहिली. मी तो कागद तिथेच टाकून निघाले आणि दोन महिने छत्रीबागेत पाऊल टाकलं नाही.

मग एका दुपारी तीच बसने राऊला आली, घामाघूम. पर्समधून नवा बायोडेटा काढला. वर्णाचा रकानाच नव्हता. "आधी 'काळा' लिहिलं होतं. मग म्हटलं, मोजायचंच कशाला? चुकले गं मी. साहेबाला आयुष्यभर नावं ठेवली, आणि तो माझ्याच हातात बसला होता..." मी तिला पाणी दिलं. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. माझं लग्न पुढे जमलं, बायोडेट्याशिवायच.

तेराव्याला तिची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. म्हणाली, "मॅडम नाक मोजून झालं ना, की एक कागज़ दाखवायच्या. कुणाचा ते कधी नाही सांगितलं." मला काही उलगडलं नाही.

गेल्या रविवारी तिचं कपाट आवरलं. बिस्किटांच्या डब्यात चिमटा होता, एका कागदात गुंडाळलेला. घड्या इतक्या वेळा उघडलेल्या की कागद दुमडीवर फाटायला आला होता. माझाच तो पहिला बायोडेटा. वरचं माझं नाव कात्रीने काढून टाकलेलं. 'निमगोरा'भोवती पेपर तपासायच्या तिच्या लाल पेनाचं वर्तुळ, बाजूला दोनच शब्द : 'चूक. माझी.' आणि खाली तिची पूर्ण सही.